हलक्या ल्यूरची फेक आणि चाल

पुण्यात कर्वेनगरच्या कडेने वाहणाऱ्या मुठा नदीच्या किंवा तिच्या वरच्या अंगाच्या खडकवासला जलाशयाच्या काठी गळ टाकताना कणकेची गोळी वा गांडूळ लावण्याची रीत जुनी आहे. त्याऐवजी ल्यूर, म्हणजे हालचालीने जिवंत भक्ष्याचा आभास निर्माण करणारे कृत्रिम आमिष वापरायचे आणि तेही १ ते ५ ग्रॅम वजनाचे, तर फेकीचे तंत्र बदलावे लागते. फेकलेले आमिष आपल्याच वेगाने दोर ओढत नेते, त्यामुळे हलक्या ल्यूरला दोराचे घर्षण आणि वारा चटकन अडवतात. म्हणून सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा तंगूस आणि स्थिर फिरकीचे रीळ, म्हणजे ज्यात फेकताना फिरकी न फिरता दोर तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो असे रीळ, सोयीचे ठरते. फिरकी काठाच्या जेमतेम २ मिलिमीटर खालपर्यंत भरलेली असावी.

नवशिका बहुधा खांद्याचा जोर लावतो, परंतु काम गळाच्या काठीच्या लवचिक शेंड्याचे असते: दोर तर्जनीवर धरून मनगटाने काठी मागे नेली की शेंडा वाकतो, आणि पुढच्या झटक्यात तो सरळ होऊ लागताच बोट सोडले की ल्यूर सुटते. बोट लवकर सोडल्यास ती आभाळाकडे जाते, उशिरा सोडल्यास पायाशी आपटते. पाण्यात पडल्यावर तिला थोडे बुडू द्यावे, मग दोर सावकाश गुंडाळत मध्येच थांबावे, कारण मरळीसारखा दबा धरणारा मासा पुष्कळदा त्या थांब्यातच झडप घालतो. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने दिलेले असल्याने परवानगीची चौकशी आधी करावी.