हवामानाचा हिशेब, भाग ७ : भातखाचरातला मिथेन

१९९२ मध्ये रिओत झालेल्या करारातली ‘सामायिक, पण भिन्न जबाबदारी’ ही कल्पना गेल्या भागात पाहिली. भारताने ती नेटाने लावून धरली, ती केवळ नैतिकतेच्या बळावर नाही. त्याआधी दिल्लीत बरीच आकडेमोड आणि मोजमाप झालं होतं. आजचा भाग त्याविषयी.

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायूंचा देशवार हिशेब मांडला आणि भारत पहिल्या पाच देशांत जाऊन बसला. या क्रमांकाला मोठा हातभार होता भातशेती आणि गुराढोरांच्या मिथेनचा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या हिशेबाची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा असा : समुद्र आणि जंगलं जो कार्बन शोषून घेतात, त्यावर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे. मग तो वाटा लोकसंख्येप्रमाणे न देता, जो जास्त धूर सोडतो त्यालाच जास्त का द्यायचा? आणि पोटासाठी पिकवलेल्या भाताचा मिथेन नि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच मापाने कसा मोजायचा? वाटाघाटींच्या टेबलावर हा युक्तिवाद आजही जिवंत आहे.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी, फारशी न गाजलेली गोष्ट. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता. तो अमेरिका-युरोपातल्या शेतांवरच्या मोजणीवरून काढलेला होता. नुसता निषेध करून तो खोडता आला नसता. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे माजी संचालक आशेश प्रसाद मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या भातपट्ट्यांत मोजणीची मोहीम निघाली. पद्धत साधी पण चिकाटीची : रोपांवर पारदर्शक पेटी उपडी घालायची, ठरावीक अंतराने आतली हवा सिरिंजमध्ये ओढायची, प्रयोगशाळेत नेऊन तिच्यातला मिथेन मोजायचा. पुन्हा दुसरं शेत, दुसरी माती.

उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश!

कारण मातीत आणि पाण्यात होतं. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू नसलेल्या चिखलातच काम करतात. आपली बरीचशी भातशेती पावसावर आहे. पावसाने उघडीप दिली की खाचर सुकतं, मातीत हवा शिरते, मिथेन थांबतो. कोकणातल्या शेतकऱ्याला खाचर कधी भरतं नि कधी आटतं हे सांगावं लागत नाही. जागतिक अंदाजांत मात्र ते आटणं धरलेलंच नव्हतं. शिवाय आपल्या बहुतेक मातीत सेंद्रिय कर्बही कमी.

शेतीबाबतची भूमिका पुढेही टिकली. कोपनहेगन परिषदेनंतर जानेवारी २०१० मध्ये भारताने लेखी कळवलं : २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे सकल उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन, २० ते २५ टक्क्यांनी घटवू, मात्र शेतीतलं उत्सर्जन या मोजणीत धरलं जाणार नाही. २०२१ मध्ये ग्लासगोत शंभराहून अधिक देश मिथेन कपातीच्या जागतिक प्रतिज्ञेत सामील झाले, भारत बाहेर राहिला. अल्पभूधारकाच्या भाताचा आणि दावणीच्या गुरांचा विचार करता तो निर्णय मला योग्य वाटतो.

पण मिथेन काही फक्त शेतातून येत नाही. गाझीपूर, भलस्वा आणि ओखला या दिल्लीच्या कचऱ्याच्या डोंगरांत ओला कचरा दबून कुजतो आणि तोच वायू सुटतो. उन्हाळा आला की तिथे आगी लागतात. २०२२ मध्ये गाझीपूर आणि भलस्वा दोन्ही पेटले, आसपासच्या वस्त्या धुरात गुदमरल्या. त्याच वर्षी उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांचं मिथेन उत्सर्जन नेहमीच्या जागतिक नोंदींपेक्षा १.४ ते २.६ पट जास्त असल्याचं त्यात दिसलं. पोटासाठी पिकवलेल्या भाताला लावलेला युक्तिवाद इथे लागू होत नाही. इथे कुणाचं पोट भरत नाही, उलट कचरा वेचणाऱ्यांच्या छातीत धूर भरतो.

१९९१ मध्ये बाहेरचा आकडा आपण पेटी आणि सिरिंज घेऊन तपासला. या डोंगरांवरही तीच मेहनत वर्षभर, ऋतूंनुसार घ्यायला हवी. निघालेला आकडा गैरसोयीचा असला तरी तो दिल्लीकरांसमोर आणि देशाच्या पुढच्या हवामान-वचनातही मांडायला हवा. कचरा वेगळा करणं, ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणं, जुना ढीग उपसणं यातल्या कशाने किती मिथेन घटला, हे सांगता येईल ते त्यानंतरच.

पुढच्या भागात : जंगलांनी शोषलेला कार्बन कसा मोजतात?