न झालेल्या गोलाचं बक्षीस

आजचं व्याख्यान एका बक्षिसाबद्दल आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल स्पर्धेची फायनल संपते, चषक दिला जातो आणि मग वैयक्तिक बक्षिसं पुकारली जातात: बेस्ट फॉरवर्ड, बेस्ट हाफ, बेस्ट डिफेन्स, बेस्ट गोलकीपर. यातलं 'बेस्ट डिफेन्स' कुणाला द्यायचं, हे ठरवणं सगळ्यात अवघड. का, ते आज आपण पाहू.

फॉरवर्डचं काम दिसतं. त्यानं तीन गोल केले, की तीन आकडे कागदावर येतात. बचावपटूचं नाव गुणपत्रकावर येतं ते बहुधा त्याला कार्ड मिळालं किंवा त्याच्याकडून स्वयंगोल झाला तर. म्हणजे चुकला तरच नोंद. त्यानं चांगलं काम केलं तर काय होतं? काहीच होत नाही! गोल होत नाही. आणि जे झालंच नाही, ते मोजायचं कसं?

हा प्रश्न फक्त आपल्या पेठांचा नाही. युरोपातला 'बॅलन डी'ऑर' हा मानाचा पुरस्कार 1956 पासून दिला जातो. पुरुषांमध्ये आजवर तो फक्त तीन बचावपटूंना मिळाला: बेकनबाउअर (1972 आणि 1976), सामर (1996) आणि कानावारो (2006). चांगले बचावपटू काय तीनच झाले? तसं नाही. पाहणाऱ्याचा डोळा चेंडूमागं धावतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून काही खेळांनी बचावासाठी वेगळंच बक्षीस ठेवलं. अमेरिकेत लॅक्रोस नावाचा खेळ आहे. टोकाला जाळी बसवलेल्या काठीनं चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा. मूळ खेळ तिथल्या आदिवासींचा. महाविद्यालयीन लॅक्रोसमधल्या सर्वोत्तम बचावपटूला तिथं 1933 पासून दरवर्षी श्मायसर पुरस्कार देतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्रशिक्षक विल्यम श्मायसर यांचं नाव त्याला आहे. या खेळात बचावपटूची काठीसुद्धा निराळी असते. आक्रमकाची साधारण 40 ते 42 इंच, तर बचावपटूची 72 इंचांपर्यंत. काम वेगळं, हत्यार वेगळं, मग मानही वेगळा.

आता आपल्या मातीतले खेळ घेऊ. खो-खोनं हा प्रश्न फार सुंदर सोडवलाय. तिथं बचाव घड्याळावर मोजतात. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात उतरतात. नऊ मिनिटांच्या डावात कोण किती वेळ टिकला, ते मिनिट-सेकंदांत लिहिलं जातं. साखळी खेळत, हुलकावण्या देत एखादी मुलगी अडीच मिनिटं टिकली, तर दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या नावापुढं '2.30 मि.' छापून येतं. त्यामुळं उत्कृष्ट संरक्षक निवडताना हातात काहीतरी ठोस असतं.

कबड्डीत पकडीला गुण आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड केली, तर 'अव्वल पकड' म्हणून एक जादा गुण मिळतो. पण इथं घोळ आहे. कोपरारक्षकानं घोटा धरला, मध्यरक्षकानं धडक दिली, बाकीच्यांनी चढाईपटूला रेषेपाशी दाबून धरलं. गुण एक, हात चौघांचे. आकडा आहे, पण त्यात सगळी गोष्ट येत नाही.

फुटबॉलमध्ये तर तेवढाही आधार नाही. मग निवड समितीच्या नजरेत काय भरतं? धाडकन मारलेली स्लाइड आणि गोलरेषेवरून काढलेला चेंडू. गॅलरी अशा वेळी उठून उभी राहते. पण जरा विचार करा. बऱ्याचदा स्लाइड मारावी लागते, कारण आधी दोन पावलं उशीर झालेला असतो. चांगला बचावपटू आधीच योग्य जागी उभा असतो, त्यामुळं समोरचा पास टाकतच नाही. टाळ्या पडतात उशिरा आलेल्याला, वेळेवर पोचलेल्याला नाही.

याची झळ बसते ती पोरांना. शाळेच्या मैदानावर संघ पाडताना आपण काय म्हणतो? 'ज्याला किक येत नाही, त्याला मागं उभा कर.' बारा वर्षांच्या पोराला तिथंच कळतं की मागं उभं राहणं म्हणजे शिक्षा. मग जो उत्तम बचावपटू होऊ शकला असता, तोही पुढं जायची धडपड करतो, नाहीतर खेळच सोडतो. मागच्या जागेलाही मान आहे, हे त्याला जाहीरपणे सांगणारं बक्षीस म्हणजे हे 'बेस्ट डिफेन्स'.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. या बक्षिसाचं नाव फायनलच्या धावपळीत ठरवू नका. पहिल्या सामन्यापासून दोन जाणत्या माणसांना फक्त बचावावर नजर ठेवायला सांगा. हरलेल्या संघातलाही खेळाडू विचारात घ्या, कारण सगळ्यात जास्त मारा त्यानंच झेललेला असतो. आणि नाव पुकारताना एका वाक्यात कारणही सांगा.

तुमच्यासाठीही एक काम आहे. पुढच्या मॅचला दहा मिनिटं चेंडू सोडून द्या आणि एकाच बचावपटूकडं बघा. चेंडू लांब असताना तो कुठं उभा राहतो, साथीदाराला काय ओरडून सांगतो, कधी दोन पावलं मागं सरकतो. तेवढ्यात पलीकडं एखादा गोल हुकला तर हुकू द्या.