वारुळाची हवा आणि सर्पाची पेटी

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण मराठी घरांत आयतोबाला टोमणा मारण्यासाठीं वापरली जाते. उंदरानें किंवा वाळवीनें खपावें आणि सर्पानें येऊन सुखानें राहावें, हा तिच्यांतील भाव. परंतु सर्पाच्या बाजूनें पाहिलें असतां ही चाल आळसाची नसून निकडीची आहे. त्याला हात नाहींत, पाय नाहींत. बीळ खणण्याचें साधन बहुतेक जातींच्या सर्पांना निसर्गानें दिलेलेंच नाहीं. आणि बीळ तर त्यांना हवेंच. शत्रूपासून लपण्यासाठीं हवें, तसेंच अंगांतील पाणी राखण्यासाठींहि हवें. जो कोणी सर्पाला पेटींत ठेवतो, मग तो चार तासांसाठीं असो कीं चार वर्षांसाठीं, त्यानें हें बीळ त्याच्यापासून काढून घेतलेलें असतें. तें त्याला परत कसें द्यावें, हाच या विषयांतील मुख्य प्रश्न होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यांतील ढाणकी हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. हा काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. वैशाखांत तेथें पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, शेतांना भेगा पडतात आणि दुपारच्या हवेंत ओलाव्याचा अंश फार थोडा उरतो. असें असूनहि नाग, धामण, घोणस हे सर्प या भागांत तग धरून आहेत. याचें रहस्य जमिनीखालीं आहे. हात-दोन हात खोलीवर दिवसाचा ताप जवळजवळ पोंचतच नाहीं. आणि वरून कोरडी दिसणारी माती आंत पाण्याचा सूक्ष्म अंश धरून असते, त्यामुळें बंदिस्त बिळांतील हवा बहुधा दमट राहते. वाळवी तर आपल्या वारुळांतील ओलावा मोठ्या दक्षतेनें सांभाळते. सर्प दुपारचा ताप तेथें काढतो आणि हवा निवल्यावर भक्ष्य शोधण्यास बाहेर पडतो. ओलें आणि कोरडें यांतील निवड तो स्वतःच करितो.

सर्प पाळण्याची गोष्ट निघाली कीं कायद्याचा विचार आधीं करावा लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें नाग, धामण, अजगर, मांडूळ इत्यादि देशी सर्प पकडून घरीं ठेवणें गुन्हा आहे. शहरांतील कांहीं घरांतून हल्लीं दिसतात ते सर्प परदेशी असतात. आफ्रिकेंतील बॉल पायथन हा त्यांतील विशेष परिचित. 2022 च्या दुरुस्तीनें, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत समाविष्ट असलेल्या अशा जातींची सरकारदरबारीं नोंद करणें आवश्यक ठरविलें आहे. याखेरीज पुण्याजवळच्या कात्रजसारख्या सर्पोद्यानांतून आणि वनखात्याच्या परवानगीनें काम करणाऱ्या सर्पमित्रांकडे सर्प ठेवले जातात. पाळणारा कोणीहि असो, हवेचा नियम सर्वांना एकच लागू आहे.

हवेंत एकूण बाष्प किती आहे, एवढेंच पाहून ओलाव्याची कल्पना येत नाहीं. त्या उष्णतेस हवेंत जितकें बाष्प मावूं शकतें, त्याच्या शेंकडा किती आहे, हें पाहावें लागतें; यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. 25 अंश सेंटिग्रेडला एक घनमीटर हवेंत सुमारें 23 ग्रॅम बाष्प मावतें. 40 अंशांना सुमारें 51 ग्रॅम मावतें. म्हणजे पहांटे बाष्पानें तुडुंब भरलेली हवा, त्यांतील कणहि न गमावतां, केवळ तापल्यामुळें दुपारीं शेंकडा 45 आर्द्रतेवर येते. पेटींत ऊब यावी म्हणून दिवा लावला कीं हाच प्रकार घडतो. उष्णता वाढविणारा मनुष्य, नकळत, हवा कोरडी करीत असतो.

या कोरडेपणाची पहिली खूण कात टाकतांना दिसते. कात सुटण्यापूर्वीं त्वचेच्या जुन्या व नव्या थरांमध्यें एक पातळ द्रव झिरपतो आणि सर्पाचे डोळे निळसर, दुधाळ दिसूं लागतात. थोड्या दिवसांनीं ते पुन्हां स्वच्छ होतात. मग ओठांपाशीं सुटलेली कात, पायांतील मोजा उलटा काढावा तशी, शेपटीपर्यंत अखंड निघते. सर्पाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचें आवरण असतें आणि तेंहि कातीबरोबर उतरतें. हवा फार कोरडी असली कीं कात तुकड्यातुकड्यांनीं निघते. शेपटीच्या टोकावर तिचें वळें राहिलें तर तें आवळत जाऊन रक्तप्रवाह थांबतो व टोक मरतें. डोळ्यावरचें जुनें आवरण राहिलें तर दृष्टि मंदावते. तें नखानें किंवा चिमट्यानें ओढूं नये. त्यानें खालचा डोळाच दुखावतो. सर्पाला कांहीं वेळ दमट जागीं ठेवावें आणि तरीहि तें न सुटल्यास जाणत्या पशुवैद्याकडे न्यावें.

तहानेचाहि विचार येथेंच करणें योग्य होय. नागपंचमीस गारुड्याच्या टोपलींतील नाग दूध पितांना दिसे, तो प्रताप भक्तीचा नव्हता. कोरड्या टोपलींत पाण्यावांचून ठेवलेला प्राणी पुढें येईल तें द्रव पितो. दूध त्याच्या प्रकृतीस मुळींच मानवत नाहीं.

हें कळल्यावर पुष्कळ लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि पेटींत दिवसांतून चार वेळां पाणी शिंपडतात. तेंहि तितकेंच घातक आहे. सतत ओल्या तळावर पडून राहिलेल्या सर्पाच्या पोटाखालील खवल्यांवर फोड येतात व तीं कुजूं लागतात. पेटींत बुरशी धरते. आणि हवा कोंदट व गार राहिली तर श्वासमार्गाचे रोग जडतात. तोंड उघडें ठेवून श्वास घेणें, नाकाशीं बुडबुडे येणें, हीं त्याचीं लक्षणें.

उपाय वारुळानेंच दाखविलेला आहे. सगळी पेटी ओली करण्याऐवजीं तींत एक ओली जागा करावी. एखादें फुटकें मातीचें मडकें पालथें घालून त्याला आंत शिरण्यापुरतें तोंड ठेवावें. त्याच्या कडा घासून बोथट कराव्या. आंत नारळाच्या काथ्याचा भुसा पाण्यांत भिजवून, मुठींत घट्ट पिळून मग पसरावा. पिळल्यावर थेंब पडतां कामा नये. पेटीचा उरलेला तळ कोरडा ठेवावा. पाण्याचें भांडें जड आणि रुंद असावें, कारण हवेंत किती बाष्प जातें हें पाण्याच्या खोलीवर नसून पृष्ठभागावर अवलंबून असतें. वरचें जाळीचें झाकण अर्धें झांकल्यास ओलावा टिकतो. पूर्ण झांकल्यास हवा कोंडते. बॉल पायथनला साधारणपणें शेंकडा 55 ते 65 आर्द्रता मानवते, अमेरिकेंतील कॉर्न स्नेकला 40 ते 60. कात टाकण्याच्या दिवसांत ती थोडी अधिक असावी.

आर्द्रतामापक यंत्राची परीक्षा घरींच करतां येते. बाटलीच्या टोपणांत खाण्याचें मीठ घेऊन त्यावर थेंबथेंब पाणी घालावें आणि ओल्या वाळूसारखें करावें. तें टोपण व यंत्र एका हवाबंद डब्यांत आठ-दहा तास ठेवावें. त्या डब्यांतील आर्द्रता शेंकडा 75 होते. यंत्र याहून जितकें कमी-अधिक दाखवील, तितकी त्याची चूक समजावी.

विदर्भांत ऋतूप्रमाणें काम उलट होतें. वैशाखांत ओलावा टिकवावा लागतो, तर श्रावणांत तो बाहेर घालवावा लागतो. तेव्हां मडक्यांतील भुसा कमी भिजवावा आणि झाकण मोकळें करावें. उन्हाळ्यांत घरोघर कूलर चालतो. तो पाण्याच्या बाष्पानेंच हवा थंड करितो, म्हणून खोलींतील आर्द्रता वाढवितो. वीज गेली कीं खोली तापते आणि हवा पुन्हां कोरडी होते. यास्तव पेटी कूलरच्या झोतांत ठेवूं नये.

घरांत निघालेला सर्प पकडून जंगलांत सोडण्यास नेणाऱ्यानेंहि हें ध्यानांत ठेवावें. बंद प्लॅस्टिकची बरणी उन्हांत अगर उभ्या मोटारींत राहिली तर सर्प थोड्याच वेळांत मरतो. सुती पिशवी, हवेशीर पेटी आणि सावली एवढें पुरे. पेटीवर बाहेरून ओलसर फडकें घालावें, पिशवी भिजवूं नये. शक्य तितक्या लवकर, ऊन उतरल्यावर, त्याला बीळ किंवा झुडूप जवळ असेल अशा ठिकाणीं सोडावें.

व्यवस्था बरोबर आहे कीं नाहीं, याची साक्ष सर्प स्वतःच देतो. टाकलेली कात फेंकण्यापूर्वीं उजेडांत धरून पाहावी. ती डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड असेल आणि दोन्ही डोळ्यांचीं पारदर्शक आवरणें तिच्यांत दिसत असतील, तर पेटींतील हवा ठीक आहे. तसें नसेल, तर यंत्रानें कांहींहि आंकडा दाखविला तरी मडक्यांतील भुसा पुन्हां तपासावा.