पडझडीचा फोटो काढताय? आधी चार पावलं मागे या

पावसाळ्यात खानापूर, चंदगड भागातून पडलेल्या भिंतींचे फोटो आमच्याकडे येतात. बऱ्याच फोटोंत नुसती माती दिसते. घर कोणतं, भिंत कुठली, काहीच कळत नाही. एकदा ढिगारा उचलला की पुरावा म्हणून तोच फोटो उरतो, हे लक्षात ठेवा.

निदान तीन फोटो काढा. पहिला लांबून, अख्खं घर आणि शेजारचा रस्ता किंवा झाड येईल असा. दुसरा पडलेल्या भागाचा. तिसरा जवळून, भेगेशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार समजतो. भिंत कधीही कोसळेल अशी असेल तर हा तिसरा राहू द्या.

कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ सुरू करा. तिची आडवी रेघ घराच्या जोत्याशी जुळवा. मोबाईल वर कलवला तर सरळ भिंतही झुकलेली दिसते, त्यापेक्षा मागे सरका. पडलेला भाग मधोमध न घेता ग्रिडच्या रेघा छेदतात तिथे घ्या, म्हणजे उभं राहिलेलं घरही चौकटीत येतं.

बाजूच्या उजेडात भेगा उठून दिसतात. ढगाळ संध्याकाळी शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलला की फोटो पुसट येतो. म्हणून कोपर अंगाशी टेकवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. आणि मूळ फोटो मोबाईलमधून काढून टाकू नका.