पोबारा: सारीपाटावरून निसटलेला शब्द

‘दागिने घेऊन चोरट्यांनी पोबारा केला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत नेहमी भेटतं. नुसतं पळून जाणं वेगळं. पळणाऱ्याच्या मागे निदान कुणी तरी धावत असतं. पोबारा मात्र पक्षी उडून गेल्यावरच कळतो. आणि या शब्दाच्या पोटात चक्क एक आकडा बसलाय: बारा! तो तिथे आला कुठून?

आला सारीपाटावरून. चार पट्ट्यांचा, फुलीच्या आकाराचा पट, 96 घरं, 16 सोंगट्या आणि तीन फासे. हे फासे लुडोतल्या ठोकळ्यासारखे नव्हेत. बोटासारखे लांबट, हाडाचे किंवा हस्तिदंताचे. टाकले की ते आडवेच पडतात, म्हणून आकडे चारच बाजूंना: एक, दोन, पाच आणि सहा. तीन नि चार नाहीतच! अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चौपटाच्या, म्हणजे सारीपाटाच्याच, फाशांवर हेच चार आकडे नोंदवलेत.

आता दान बघा. एका फाशावर एक ठिपका पडला की तो ‘पौ’. उरलेल्या दोघांवर सहा-सहा पडले की बारा. दोन्ही मिळून पौबारा, म्हणजे एका फटक्यात तेरा घरांची चाल. तीन फासे एकूण 64 तऱ्हांनी पडू शकतात; त्यांतल्या जेमतेम 3 तऱ्हांत हे दान येतं. ते पडल्यावर पटाभोवती बसलेली मंडळी केवढ्याने ओरडत असतील!

खरी गंमत पुढे आहे. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणं, चंगळ होणं. दान तेच, पण मराठीत अर्थ झाला पसार होणं. मला वाटतं, हिंदीने फासे टाकणाऱ्याचं भाग्य पाहिलं आणि मराठीची नजर खिळली ती तेरा घरं ओलांडून सुसाट निघालेल्या सोंगटीवर.

निघून जाण्याचे आपले इतर शब्दही असेच कुठून कुठून आलेत. ‘फरार’ मूळचा अरबी. ‘गाशा गुंडाळणे’मधला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. पण पोबाऱ्यासारखा हिशेब त्यांत नाही.

घरात कुणी सारीपाट खेळलेलं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांना दानांची नावं जरूर विचारा आणि लिहून ठेवा.