सगळ्यांचे ‘फादर टेड’

फादर थिओडोर ऊर्फ टेड हेस्बर्ग २६ फेब्रुवारी २०१५ला गेले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. अमेरिकेतल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे ते १९५२ ते १९८७, तब्बल ३५ वर्षं अध्यक्ष. १९७२मध्ये तिथं पदवीच्या वर्गांत मुली आल्या, त्या त्यांच्याच काळात. पण मला सर्वांत प्रिय आहे तो त्यांचा १९६४चा फोटो. शिकागोचं सोल्जर फील्ड, शेजारी मार्टिन ल्यूथर किंग, हातात हात आणि दोघंही गाताहेत! अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगावर ते १९५७पासून होते. निक्सन सरकारवर स्पष्ट टीका केली आणि १९७२मध्ये आयोगाचं अध्यक्षपद गेलं. मानद पदव्या मिळाल्या दीडशे. रोजची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, मात्र त्यांनी जन्मभर जपली.