झिजलेल्या नाण्यांचा हिशेब

खिशातले नाणे सतत फिरत असते. भाजीवालीकडून कंडक्टरकडे, कंडक्टरकडून प्रवाशाकडे, प्रवाशाकडून किराणा दुकानाच्या गल्ल्यात. प्रत्येक फेरीत ते केसाच्या टोकाएवढे झिजते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. नाणी मोजायची, वहीशी मेळ घालायचा आणि संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायचे, एवढाच आमचा नाण्यांशी संबंध. पण नाण्याची झीज तोलून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासाचा क्रम लावणारा एक माणूस आपल्या पुण्यात होऊन गेला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

आपल्या वस्त्यांतून कोसंबी हे नाव अनोळखी नाही. मात्र ते ओळखीचे आहे ते वडिलांमुळे. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ अनेक विहारांच्या कपाटात असतो. त्याचे लेखक धर्मानंद कोसंबी हे दामोदर यांचे वडील. मुलाचे काम मात्र आपल्या घरांपर्यंत फारसे पोहोचले नाही. म्हणून हा लेख.

घरचा वारसा

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. बुद्धाविषयी वाचून ते इतके भारावले की १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असे करत ते सिंहलद्वीपात पोहोचले, तेथे पाली शिकले आणि भिक्खू झाले. पुढे कलकत्त्याला व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अनेकदा गेले. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा राहिला तो त्यांच्याच प्रयत्नाने.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा धर्मानंदांना पटत नव्हती. जुन्या सुत्तांच्या आधारे त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे बोट दाखवले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच पाण्याचा वाद येतो. पुरावा तपासल्याशिवाय कथा स्वीकारायची नाही, हे वळण मुलाला घरातूनच मिळाले.

गणिताचा प्राध्यापक

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले, तेथेच शाळा शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन मायदेशी परतले. बनारस, मग अलिगढ आणि १९३३ पासून बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, अशी त्यांनी गणिताची प्राध्यापकी केली. १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत, म्हणून ते डेक्कन क्वीनने रोज ये-जा करीत. इतिहासाची त्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती.

गणितातही त्यांचे नाव मोठे आहे. आईबापांकडून संततीत उतरणारे गुणधर्म गुणसूत्रावर एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढण्याचे एक सूत्र त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. पिकांच्या नव्या जातींवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही ते वापरतात आणि त्याला कोसंबींचेच नाव आहे.

तराजूत इतिहास

संख्याशास्त्र पक्के करण्यासाठी हाताशी खरे काम हवे, म्हणून कोसंबींनी जुनी नाणी घेतली. आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी चांदीची. चांदीच्या पत्र्याचे तुकडे ठराविक वजनाला कापायचे आणि त्यांवर सूर्य, झाड, डोंगर, प्राणी अशा खुणा ठोकायच्या. त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. मग कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कळावे कसे?

कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या ठेवींतील नाणी एकेक करून अचूक तराजूवर तोलली. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा होत्या. नाणे बाजारात फिरताना पारखणाऱ्यांनी त्या ठोकल्या होत्या. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितके नाण्याचे सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे ते नाणे तितका अधिक काळ फिरले होते. झीज खरोखर अशीच होते का, हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही मोठ्या संख्येने तोलली. एका नाण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेकडो नाण्यांची सरासरी काढली की क्रम दिसू लागतो. मौर्यकाळातील नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली पाहून त्या राज्याच्या तिजोरीवरील ताणाचा अंदाजही त्यांनी बांधला. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या काही निष्कर्षांवर मतभेद नोंदवले. पण नाण्यालाच साक्षीदार करण्याची रीत पक्की झाली.

फाळ, बैल आणि धम्म

कोसंबींचा पहिला मोठा इतिहासग्रंथ १९५६ मध्ये आला, दुसरा १९६२ मध्ये आणि तिसरा १९६५ मध्ये. मूळ लेखन इंग्रजीत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गादीवर कोण बसले यापेक्षा गावात नांगर होता की नाही, हे अधिक महत्त्वाचे. लोक कोणत्या हत्यारांनी पोट भरत होते आणि पिकलेल्यातला वाटा कोण नेत होते, ते आधी पाहा.

याच नजरेने त्यांनी बुद्धकाळ पाहिला. दक्षिण बिहारचे लोखंड हाती आले, गंगेच्या खोऱ्यातले जंगल तुटले, नांगराची शेती पसरली, शहरे वाढली. अशा वेळी यज्ञात शेकडो जनावरे मारणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. नांगराला बैल हवा होता. गाई-बैल आपले आप्त आहेत, ते अन्न आणि बळ देतात, असा विचार सुत्तनिपातात येतो. त्यामागचे शेतीचे कारण कोसंबींनी दाखवले. बुद्धाची करुणा त्यामुळे लहान होत नाही. ती कष्टकऱ्यांच्या जगण्याशी जोडलेली होती, हे उलट अधिक स्पष्ट होते.

लेण्यांतील जमाखर्च

सुट्टीच्या दिवशी कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवत. दगडाची नखाएवढी प्राचीन हत्यारे गोळा करत. धनगरांच्या वाटा, पंढरीच्या पालख्यांची वाट, म्हसोबाची ठाणी यांची नोंद करत. बौद्ध लेणी घाटवाटांच्या तोंडाशीच का आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर व्यापारी तांड्यांत मिळाले. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणारे कोण आहेत? धेनुकाकट गावचा सुगंधी वस्तू विकणारा आहे. लेण्याच्या दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतार आहे. जुन्नरला तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. श्रेणी म्हणजे आजच्या सहकारी सोसायटीसारखी कारागिरांची संघटना.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून नाशिकच्या लेण्यांतील एका लेखाचा हिशेब घालून पाहिला. नहपान राजाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. मेळ बरोबर बसतो! दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९०. तेही भिक्खूंच्या इतर गरजांसाठी. राजघराण्यातला माणूस कायमची ठेव विणकरांकडे ठेवतो, म्हणजे विणकरांची पत किती असेल!

नोकरी गेली, काम राहिले

कोसंबी स्पष्ट बोलणारे होते. जागतिक शांतता चळवळीत ते वावरले. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीकडे लक्ष द्यावे, असे ते सांगत. भाभांशी त्यांचे मतभेद वाढले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली तरी डोंगर हिंडणे थांबले नाही. पुढे १९६४ पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २००८ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आज घराच्या छपरावर सौरपत्रे दिसतात, तेव्हा त्यांचे म्हणणे किती आधीचे होते हे कळते.

आमच्या कुंडलचा धडा

कुंडलचे नाव निघाले की प्रतिसरकार आठवते, जी. डी. बापू लाड आठवतात. शेजारीच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या या माळावर कारखाना वसवला आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. हा इतिहास छापला गेला आहे, आणि तो छापला जायलाच हवा होता.

पण त्याच शिवारात विहिरीचे पाणी वर येत होते ते मोटेने. मोटेचे कातडे ढोरांनी कमावले, चांभारांनी शिवले. नाडा आणि सोंदूर मातंगांनी वळले. कातडे किती दिवस भिजवायचे, कोणत्या झाडाची साल घालायची, दोराला पीळ किती द्यायचा, हे साधे काम नव्हते. ते रसायनाचे आणि बळाच्या मोजमापाचे ज्ञान होते. गावाच्या शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष मोलाची मानत. ओढा, बांध, खुणेचा दगड हे सारे त्याला तोंडपाठ असे. शाळेत मात्र या ज्ञानाला ज्ञान म्हटले गेले नाही. ते करणाऱ्याला विटाळाची पायरी दिली आणि त्याच्या हातची वस्तू बिनदिक्कत वापरली. ती कामे आपण सोडली ते योग्यच केले. जातीने लादलेले काम कौतुकासाठी जपायचे नसते. पण त्यातली अक्कल कोणाची होती, याची नोंद राहिली पाहिजे.

मोट चालवलेली, दोर वळलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोसंबींनी घरातल्या पाट्या-वरवंट्यालाही सोडले नाही. बारशाला वरवंटा नटवून पाळण्यात घालण्याची रीत अश्मयुगातून आली असावी, असे ते म्हणत. तिला भटजी लागत नाही, हेही त्यांनी टिपले. आपल्या आजीकडे त्याहून अधिक सांगण्यासारखे असेल.

आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी एक काम सुचवतो. शंभर पानी वही घ्या. आजी-आजोबांना अवजाराचे नाव, ते कशाचे बनत असे, कोण बनवी, किती दिवस टिके आणि मोबदला काय मिळे, एवढे पाच प्रश्न विचारा. अवजार सापडले तर टेपने मापा, वजन करा, चित्र काढा. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख लिहा. ऐकीव आणि पाहिलेले यांचे रकाने वेगळे ठेवा. वही विहारात ठेवा, म्हणजे पुढचा अभ्यासक तेथे येईल.

कोसंबींना इतिहासासाठी तराजू, वही आणि चालणारे पाय पुरले. हे तिन्ही आपल्याकडे आहेत.